पेशंट बाहेरच्या खोलीत आहे

लोखंडी कपाटाखाली सहा नंबरचे बूट. गुलाबी नाडीचे. एकदाच घातलेले, तेही कपाटासमोर उभं राहून, दार लावून.

*

चाकणच्या चौकात भरदिवसा एका माणसाच्या हातातला वडापाव दुसऱ्यानं काढून घेतला. पहिला म्हणाला, “आरं, चावलाय मी त्याला.” दुसरा म्हणाला, “मग थुंक.”

*

छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेनं बांधलं, की खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची असते. हसतानाही. म्हणजे ज्याच्याजवळ उशी नाही त्यानं हसू नये.

*

मेजर नावाच्या बैलाला जगात एकच माणूस आवडतो. बाकीच्यांना तो नुसता उभा राहून बघतो, आणि ते बघणंच पुरेसं असतं.

*

“तुमी दमलाय.”

“मी? कुठं?”

“दमलाय म्हणते ना.”

“…व्हय, व्हय. लई दमलो.”

*

घरात शहाळी ठेवायला जागा उरली नाही. उरलेली विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, खताच्या गोण्यांवर रचली.

*

तर निघोज्यात ॲम्ब्युलन्स आली ती थंडीत, सकाळी डेअरीवर दूध घालायच्या वेळेला. म्हणजे गाव रस्त्यावर असतं तेव्हा. गाडी बोळात शिरेना म्हणून देवळापाशी थांबली. सारजाबाई घरातून निघाली ती डोक्यावर पदर घेऊन, भराभरा. लोक बघतायत याची तिला इतकी लाज वाटली, की छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असतानाही ती सगळ्यांच्या आधी गाडीत चढून आत कोपऱ्यात बसली. तिच्यामागून बन्सी. अंगात बनियन, एका पायात चप्पल, तोंड पांढरंफटक, घामानं निथळलेला, आणि दोन्ही दंडांना धरलेलं. एकीकडून पोरानं, ऋतिकनं, दुसरीकडून शेजाऱ्यानं. पायरी चढताना तो अडखळला. दोघांनी त्याला उचलूनच आत ठेवला आणि ऋतिक मोटारसायकल काढून मागं निघाला.

गावानं जे बघितलं ते असं.

“बन्सीला अटॅक आला” ही बातमी ॲम्ब्युलन्सच्या आधी शेजारच्या महाळुंग्यात पोचली.

कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. हार्ट हा बाप्यांचा आजार. बाईला गुडघे असतात, कंबर असते, पित्त असतं, फार झालं तर पिशवीचं ऑपरेशन. तिच्या नशिबी हार्टही असू शकतं हे गावाच्या डोक्यात यायचं होतं. चिंचवडच्या हॉस्पिटलात सारजाबाईची बायपास झाली, ती अतिदक्षता विभागातून वॉर्डात आली, तोवर घरी सुनेला, रोहिणीला, फोनवर फोन आले. ऑपरेशन झालं का? झालं. धोका टळला का? टळला. बोलतं का? बोलतं. कुणाचं ऑपरेशन, असं काही कुणी विचारलं नाही. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते माणूस कशाला विचारील?

पहिले पाहुणे

सारजाबाई घरी आली त्या दिवशी ती आतल्या खोलीत पलंगावर आणि बन्सी बाहेरच्या खोलीत खाटेवर. हॉस्पिटलच्या बाकड्यांवर झोपून त्याचं अंग आंबलं होतं, दाढी वाढली होती, गाल आत गेले होते. तेवढ्यात दारात सोपानराव आणि त्यांची बायको. सोपानराव म्हणजे यात्रा कमिटीचे अध्यक्ष, बन्सीच्या भावकीतले, आणि कुणाच्याही घरात शिरताना आवाज आधी आत पाठवणारे.

“उठू नको! उठू नको! पडून ऱ्हा. कसं वाटतंय?”

बन्सीला वाटलं, विचारायची रीत असेल. “बरं हाय. झोप न्हाई झाली.”

“न्हाईच व्हनार. कापलेलं ठणकत आसंल.”

“कापलंय तर…” बन्सीनं आतल्या खोलीकडे बघितलं.

“बोलू नको, धाप लागंल.” सोपानरावांनी दोन शहाळी त्याच्या उशाशी ठेवली आणि आत हाळी दिली, “वहिनी, च्या टाका! दोनच कप. ह्याला नको, साखर बंद आसंल आता.”

आणि आत सारजाबाई उठली. ‘च्या टाका’ ऐकलं की उठायचं हे तिच्या अंगात इतकं खोल गेलेलं, की डॉक्टरांनी छाती उघडूनही ते त्यांच्या हाताला लागलं नव्हतं. पातेल्याला हात घालणार तेवढ्यात रोहिणीनं तिला धरलं. रोहिणी चिखलीच्या शाळेत शिकवते, तिचं कुजबुजणंही शेवटच्या बाकापर्यंत जातं.

“आई, काय करताय? उचलायचं नाही सांगितलंय ना डॉक्टरांनी!”

“कळशी उचलू नका म्हनले. हे पातेलं हाय.”

“जाऊन पडा आधी.”

बाहेर सोपानरावांची बायको हळहळत होती. “बिचाऱ्या वहिनी. मगा डोकावल्या तर तोंड कसं उतरलेलं. नवऱ्याचं टेन्शन, दुसरं काय.”

पाहुणे गेले. मग आतल्या खोलीतून एक विचित्र आवाज आला. ऋतिक पळत गेला तर आई उशीला कवटाळून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आई! दुखतंय?”

“हसतीया,” ती कशीबशी म्हणाली. “आन दुखतंय बी.”

बन्सी दारात उभा. “उद्या सांगून टाकतो सगळ्यांना. इसकाट झालाय नुसता.”

सारजाबाईनं डोळे पुसले. उशी बाजूला ठेवली. “काय घाई हाय?”

“म्हंजी?”

“किती लोक येत्याल भेटाया?”

“सगळं गाव,” रोहिणी म्हणाली. “मोई, कुरुळी, कडूसची सगळी नाती. तिकडून देहूरोडचे आत्याबाईंचे लोक.”

“आन ती मला बघाया आली, तर मी उठून बसायचं. पदर घ्यायचा. नको नको म्हनत च्याला दोनदा उठायचं. कुनाचं कोन ह्याच दुखन्यानं कसं गेलं ते सगळं ऐकायचं. आपल्या इंदूवन्संचं ऑपरेशन झालं तवा पाचव्या दिवशी त्या पव्हं करत व्हत्या. कुनासाठी? त्यांनाच बघाया आलेल्यांसाठी.” तिनं नवऱ्याकडे नीट बघितलं. “तुमी आडवंच व्हता. पडा की.”

“मी? पेशंट?”

“पेशंट कुटं? नुसतं पडायचं. बाकीचं ती लोकं करत्यात.”

“नाना,” ऋतिक म्हणाला, “कंपनीत एवढ्या हलक्या कामाला वशिला लागतो.”

हाड धरायला तीन महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढे तीन महिने सारजाबाईला हवे होते. तिनं आजवर काही मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.

भेटायला आलेले काय विचारतात आणि बन्सी काय सांगतो

— किती ब्लॉक व्हते?

— तीन. (खरं.)

— आधी दुखलं कुटं?

— पाठीत. मग जबड्यात. पित्त वाटलं म्हणून जिऱ्याचं पानी घेतलं. (खरं. फक्त घेतलं दुसऱ्यानं.)

— टाके दाखव की.

— डॉक्टर उघडू देत न्हाई. (खोटं. पण त्या दिवसापासून शर्टाचं वरचं बटण लागलं ते लागलंच.)

— आमच्या भाच्याचा सासरा असाच. चांगला हिंडत-फिरत व्हता. च्या पिऊन उठला आन…

— (बन्सी डोळे मिटतो. आतल्या खोलीत कुणीतरी उशी घट्ट धरतं.)

— घाबरला असशील, भावा?

— लई. (खरं. आणि हे त्याचं स्वतःचं.)

— वहिनी कुटं हायत?

— झोपलीय. दमलीय.

— साहजिक हाय. तुझं सगळं तिलाच करावं लागतंय.

सारजाबाई आत पडून हे ऐकायची. आपलं दुखणं नवऱ्याच्या तोंडून. पाठीपासून जबड्यापर्यंत ते कसं चढलं हे तो अगदी बरोबर सांगायचा. तिनं त्याला तेवढं कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्या पहाटे तो बघत होता. इतकी वर्षं तिला वाटायचं, हा माणूस फक्त बैलांकडेच बघतो.

बूट

टाके सुकले. डॉक्टरांनी सांगितलं, आता रोज चाला. घरात नाही, बाहेर, पायात बूट घालून. रोहिणीनं बूट आणले. सारजाबाईनं ते घालून बघितले आणि कपाटाखाली ढकलले.

“गावात बूट घालून हिंडू? काय इचारतील लोकं? कुटं निघाली, तर काय सांगू? कुटंच न्हाई?”

आणि तिचं खरं होतं. बाईनं रस्त्यावर असावं ते काहीतरी आणायला किंवा कुणालातरी सोडायला. नुसतं चालायला आलेली बाई कुणी बघितली नव्हती. रोहिणीनं बरंच समजावलं. शेवटी तिनं आतल्या पलंगाकडे बघितलं, बाहेरच्या खाटेवर पडलेल्या सासऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, तुम्ही चालू नका. नानांना चालवा.”

दुसऱ्या दिवसापासून सारजाबाई नवऱ्याला चालवायला निघाली. साडी, स्वेटर, छातीच्या पट्ट्यावरून गळ्याशी लपेटलेला पदर, पायात गुलाबी नाडीचे बूट. शेजारी बन्सी, चपलांत, वधस्तंभाकडे निघाल्यासारखा. हा माणूस डेअरीपर्यंतसुद्धा गाडीवर जायचा.

“कुटं निघाला?”

“ह्यांना चालवाया.”

“बरं करताय बाई. आन बूट?”

“ह्यांच्यामागं पळावं लागतं ना.”

कंपन्यांच्या भिंतीकडेचा रस्ता त्यांनी धरला. एका अंगाला कंटेनरची रांग, दुसऱ्या अंगाला मेथीचं रान, मध्येच वजनकाटा, पुढं गेटमागून गेट. रात्रपाळी सुटून बसेस निघायच्या. ड्रायव्हर ओळखीचे, हॉर्न मारायचे. “काय बन्सीतात्या, जोरात!” बन्सी हात वर करायचा.

चढ आला की सारजाबाईचा श्वास पुरायचा नाही. पण रस्त्यात मध्येच ती बसली असती तर लोक जमले असते. म्हणून तिनं एक युक्ती काढली. धाप लागली, की ती बन्सीच्या दंडाला हलकाच चिमटा काढून म्हणायची, “तुमी दमलाय.” बन्सी लगेच गुडघ्यांवर हात टेकून हाश्शहुश्श करायचा. गेटवरचा वॉचमन, बीडकडचा मोठा माणूसघाण्या गडी, तोसुद्धा आपली खुर्ची बाहेर आणून द्यायचा. खुर्चीत बन्सी, आणि त्याला वारा घालायच्या निमित्तानं दगडावर सारजाबाई. तिचा श्वास जाग्यावर आला की ती उठायची. “चला, झालं तुमचं.”

पहिल्या-पहिल्यांदा तो खोटं दमायचा. पुढं तो इतका छान दमायला लागला, की सारजाबाईलाच घाबरायला व्हायचं. “खरं दमला का वो?” ती विचारायची. तो एक डोळा उघडायचा.

बन्सीचे हाल

टपरीवाल्यानं त्याला तंबाखू द्यायची बंद केली. “मला पाप नको, तात्या.” चाकणला जाऊन चोरून वडापाव घ्यावा, तर तिथं गावातलाच एकजण, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. डेअरीवर कॅनला हात लावू देईनात. पोरांनी मोटारसायकलची चावी ऋतिककडे नेऊन दिली. लग्नाच्या पंगतीत त्याच्या पानातली जिलबी शेजाऱ्यानं उचलून स्वतः खाल्ली आणि वर म्हणाला, “तुझ्यासाठी करतोय रं.”

सारजाबाईला पथ्य सांगायला घरातली तीन माणसं होती. बन्सीला सगळं निघोजे होतं.

तपासणीला गेले, तर डॉक्टर तिला म्हणाले, उत्तम. मग मागं उभ्या असलेल्या बन्सीकडे बघून विचारलं, “तुम्ही कोण? तुमचं वजन बरंच उतरलेलं दिसतंय. काही त्रास आहे का?”

“हाय,” बन्सी म्हणाला, आणि त्यानं बायकोकडे बघितलं.

हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण चैत्राची यात्रा आली. यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत, आणि शर्यत म्हणजे बन्सी. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, तोंडाशी उसळणाऱ्या बैलांच्या मानेवर जू ठेवायचं आणि गाडा सोडायचा, हे काम त्याचं. मेजर त्याच्या दावणीतला. बन्सीनं मानेवर हात ठेवला की तो वासरू व्हायचा, दुसऱ्या कुणी ठेवला की भूकंप.

सोपानराव घरी आले, सोबत कमिटीची चार माणसं. “बन्सी, यंदा तू ष्टेजवर. बैलांच्या जवळ फिरकायचं न्हाई. शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मरणाच्या दारातनं आलेला मानूस हायस तू.”

बन्सीचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा. सारजाबाई दाराआडून बघत होती. तिला कळलं, आता हा फुटणार. हाड पुरतं धरलं नव्हतं, शेवटची तपासणी राहिली होती. आज हे बाहेर पडलं, तर उद्या तिच्या पलंगाभोवती शहाळी. आणि चालणं? नवऱ्याला चालवणारी बाई गावाला पटली होती. स्वतः चालणारी आजारी बाई घरात बसवली गेली असती, मायेनं, सगळ्यांनी मिळून.

“मला काय धाड भरलीय!” बन्सी ओरडला. “मला काय बी झालेलं न्हाई! हिला झालंय! हिची छाती कापलीय, माझी न्हाई!”

पाचही जणांनी दाराकडे बघितलं. सारजाबाई तिथं उभी, गळ्यापर्यंत पदर, गालावर थोडी लाली, रोजच्या चालण्यानं आलेली.

सोपानरावांनी सावकाश श्वास सोडला. “असं व्हतं,” ते बाकीच्यांना म्हणाले. “माझ्या मेव्हण्याचं ऑपरेशन झालं, तवा तो बी म्हनायचा, मला न्हाई, डॉक्टरलाच झालंय. डोक्यावर परिणाम व्हतो थोडा.”

“आरं, पर खरंच!”

“बन्सी, बायकोवर ढकलतो व्हय रं? तिनं तुझं एवढं केलं!” 

सारजाबाईला आता एक शब्द बोलायचा होता. ‘व्हय’ किंवा ‘न्हाई’. तिनं तिसराच काढला.

“डॉक्टर म्हनलेच व्हते,” ती जमिनीकडे बघत म्हणाली, “चिडचिड हुईल म्हनून.”

बन्सी तिच्याकडे बघत राहिला. असं मेजरसुद्धा कधी कुणाकडे बघत नाही.

पाहुणे गेल्यावर तो मेजरच्या दावणीपाशी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी चालायला आला, पण तोंड फिरवून. चढावर तिनं चिमटा काढला, तर तो उभाच.

“तुमी दमलाय,” ती म्हणाली.

“न्हाई दमलो.”

ती उभी राहिली. धाप लागलेली. भिंतीला हात टेकून, तोंड भिंतीकडे करून. एक बस हॉर्न मारून गेली. तिच्या पाठीचा हलणारा भाता बन्सीनं बघितला आणि तो एकदम खालीच बसला, धुळीत, पाय पसरून.

“दमलो,” तो म्हणाला. “पर यात्रेदिवशी मी खुर्चीत बसनार न्हाई, सारजे. सांगून ठेवतो.”

“बसा वो एवढी बारी,” ती त्याच्या शेजारी टेकली. “एवढीच. माझ्यासाठी.”

त्यानं हाताची धूळ झटकली. “बरं,” म्हणाला.

घाट

“ऐका मंडळी ऐका! स्टेजवर विराजमान झालेले आहेत आपल्या सर्वांचे लाडके बन्सीतात्या! काळानं झडप घातली, पण तात्यांनी काळाला घाटातूनच माघारी पाठवला! टाळ्या झाल्या पाहिजेत! अरे गाड्यापुढची घोडी बाजूला घ्या, घोडी! पुढच्या बारीची तयारी! निघोज्याचा गाडा, गावचा गाडा, मेजर आणि जोडीदार…”

बन्सी खुर्चीत. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. उन्हात शालीखाली घाम.

समोर बायकांच्या बाजूला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सारजाबाई आणि रोहिणी. सारजाबाईला तिथून घाटाचं तोंड नीट दिसत होतं. पोरांनी मेजरला आणलं, चौघांनी धरलं, जू उचललं. मेजरनं मान फिरवली. दोघं गुलालात जाऊन पडले. पुन्हा धरलं. पुन्हा मान फिरली. माइकवरचा आवाज चढला. “आवरा, आवरा! वेळ संपत आली, बारी बाद होईल!”

सारजाबाईनं स्टेजकडे बघितलं. तिला वाटलं होतं, एव्हाना तो उडी मारून गेला असेल. तो गेला नव्हता. तो बैलाकडे बघतच नव्हता. गर्दीवरून, भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यातून, तो ट्रॉलीकडे बघत होता. खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी घट्ट धरून.

“रोहिणी, खाली उतरव मला.”

“आई, कुठं? गर्दी आहे.”

“उतरव.”

घाटाच्या कडेनं, नवऱ्याला चालवणारी ती बाई एकटी चालत निघाली. बूट गुलालानं लाल. स्टेजच्या लाकडी पायऱ्या तिनं एका दमात चढल्या, आणि त्या चढताना तिला समजून चुकलं होतं, की उद्या दारात शहाळी असणार.

“उठा,” ती बन्सीला म्हणाली.

“आगं पर तूच…”

“उठा म्हनते. बारी बाद हुईल.”

सोपानराव माइक हातात घेऊन धावले. “वहिनी! काय करताय? पेशंट हाय त्यो!”

“पेशंट मी हाय,” सारजाबाई म्हणाली.

माइक चालू होता. ‘पेशंट मी हाय’ घाटावरून गेलं, पलीकडच्या कंपनीच्या भिंतीला लागून परत आलं. हलगी थांबली.

“हे बगा,” म्हणत तिनं गळ्याशी पदर जरासा बाजूला केला. टाक्यांची रेघ तिथूनच सुरू व्हायची.

सोपानरावांनी गर्रकन तोंड फिरवलं. कमिटीच्या चौघांनी फिरवलं. स्टेजवरच्या एकूण एक माणसानं पाठ केली. “वहिनी, पदर! पदर घ्या आधी!” सोपानराव डोळे मिटून ओरडत होते.

“बगा तर!”

“न्हाई बघनार! भावजय हाय तुमी माझी!”

बन्सी तोवर पायऱ्यांखाली गेला होता. शाल खुर्चीवर पडली होती. सारजाबाईनं ती उचलली, स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि खुर्चीत बसली. पाय खरंच भरून आले होते.

आणि पुकारणाऱ्यानं माइक हिसकावला. “ऐका मंडळी ऐका! काय ऐकलं तुम्ही? नवऱ्याचं दुखणं म्हणते माझ्या अंगावर द्या! नवऱ्याची खुर्ची, नवऱ्याची शाल, नवऱ्याचा आजार, सगळं स्वतःवर घेतलं या माउलीनं! कुठं आहेत आजकालच्या पोरी? बघा म्हणावं!” शिट्ट्या, भंडारा, हलगी पुन्हा सुरू. ट्रॉलीतल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. रोहिणी एकटी, तोंडात पदर कोंबून, वेगळ्याच कारणानं थरथरत होती.

खाली बन्सीनं मेजरच्या मानेवर हात ठेवला. काहीतरी म्हणाला. मेजरनं मान खाली घातली, जू बसलं, आणि गाडा सुटला. भिर्रर्र! कितव्या नंबरात बसला ते गावात कुणालाही विचारा, प्रत्येकजण वेगळं सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात बायका. निघोज्याच्या, कुरुळीच्या, कडूसच्या. शहाळी नव्हती. ओटीचे नारळ होते, खण होते, तांदूळ होते. अशा बाईच्या पाया पडावं म्हणून आलेल्या. सारजाबाई पलंगावर उशी कवटाळून बसली होती आणि समोर वाकणाऱ्या एकेकीला बघून तिला हसू आवरत नव्हतं.

“वहिनी, उठू नका, आमीच ओटी भरतो,” सोपानरावांची बायको म्हणाली. “पर च्या तेवढा…”

स्वयंपाकघरातून पातेलं आपटल्याचा आवाज आला. मग बन्सी, हातात ट्रे, ट्रेमध्ये निम्मे सांडलेले कप.

“आगं बाई! पेशंट च्या करतोय?”

“डॉक्टरनं सांगितलंय,” सारजाबाई म्हणाली. “हाताला व्यायाम.”

“किती दिवस?”

सारजाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. तो साखर शोधत परत आत चालला होता.

“कायमचा,” ती म्हणाली.

*

थंडीतल्या त्या पहिल्या सकाळी चिंचवडला हॉस्पिटलच्या दारात ॲम्ब्युलन्स थांबली, तेव्हा वॉर्डबॉयनं चाकाची खुर्ची आणून बन्सीपुढे उभी केली. बन्सी तिच्यात बसला, आणि सारजाबाईनं ती लिफ्टपर्यंत ढकलत नेली.